यंत्राची निवड आणि तिसरी पाळी

पुणे-पिंपरी-चिंचवडच्या परिसरातील, आणि त्याच्या पाठोपाठ कोल्हापूर व नाशिक येथील, मोटारींचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखानदार आज ज्या निर्णयापाशी वारंवार अडखळतो तो यंत्रखरेदीचा आहे. शेडमध्ये पाच-सहा उभ्या स्पिंडलची यंत्रे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत व्हीएमसी, चालू असतात. गिऱ्हाईक कंपनी माल अधिक मागते आणि भाव मात्र दरवर्षी थोडा उतरवून मागते. अशा वेळी यंत्रविक्रेत्याचा प्रतिनिधी येऊन सांगतो की आता आडव्या स्पिंडलचे यंत्र, हॉरिझॉंटल मशिनिंग सेंटर, घेतल्यावाचून निभाव लागणार नाही. पुढचा सारा व्यवहार मालक, बँक आणि विक्रेता या तिघांत होतो. ते यंत्र दहा-पंधरा वर्षे चालवणारा माणूस त्या बैठकीत नसतो; आणि कामगार चळवळीलाही हा आपला विषय वाटत नाही. पगारवाढ, बोनस, कायम नोकरी हे आपले प्रश्न, यंत्र कोणते घ्यावे हा मालकाचा प्रश्न, अशी वाटणी तिने बिनतक्रार स्वीकारली आहे. वस्तुतः यंत्र कोणते घेतले, आणि त्याहीपेक्षा त्याच्यासोबत काय घेतले व काय टाळले, यावरच पहाटे दोन वाजता त्या शेडमध्ये माणूस उभा राहणार की नाही हे ठरत असते.

आधी यंत्र समजून घेणे इष्ट. उभ्या यंत्रात कापणारे हत्यार वरून खाली उतरते आणि जॉब टेबलावर आडवा पडलेला असतो. आडव्या यंत्रात स्पिंडल जमिनीला समांतर असते आणि जॉबच्या बाजूला भिडते. जॉब एका उभ्या चौकोनी खांबावर, ज्याला सर्वत्र टूम्बस्टोन म्हणतात, त्याच्या चारही अंगांना बांधलेले असतात. खांब पॅलेटवर असतो व पॅलेट फिरते. त्यामुळे जॉबच्या एकाहून अधिक बाजू, तो न सोडता, एकाच बांधणीत कापल्या जातात. कापताना निघणारा कीस जॉबवर साचत नाही, स्वतःच्या वजनाने खाली पडतो. हत्यार त्याच किसात पुन्हा घासले जात नाही आणि म्हणून टिकते. एक पॅलेट आत कापले जात असताना दुसरे बाहेर असते व कामगार त्यावरचे तयार जॉब काढून नवे बांधतो. बांधणीचा वेळ यंत्राच्या वेळातून वजा होत नाही, हे या यंत्राचे खरे मर्म आहे. गिअरबॉक्सचे घर, पंपाची बॉडी, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा ठोकळा, अशा समोरासमोरच्या भोकांचा अक्ष एका रेषेत यावा लागणाऱ्या कामात तर दुसरा फायदा आहे: जॉब जितक्या वेळा सोडून पुन्हा बांधावा तितक्या चुका एकीवर एक चढतात, आणि येथे सोडणेच कमी होते.

विक्रेत्याचा नेहमीचा दावा असा की एक आडवे यंत्र तीन उभ्या यंत्रांचे काम करते. हा दावा तपासावा. समजा, एका जॉबला उभ्या यंत्रावर तीन बांधण्या लागतात. प्रत्येकीत सहा मिनिटे कापण्याची आणि तीन मिनिटे सोडण्या-बांधण्याची व साफ करण्याची. म्हणजे एका जॉबला २७ मिनिटे. आडव्या यंत्रावर कापण्याची १८ मिनिटे तेवढी राहतात. प्रमाण तीनास एक नव्हे, दीडास एक आहे. उभ्या यंत्रावरचा कामगार दोन यंत्रे सांभाळत असेल तर एक यंत्र त्याची वाट पाहत उभे राहते, ही गोष्ट हिशेबात घेतली आणि आडव्या यंत्रात एकदा घेतलेले हत्यार खांबावरच्या साऱ्या जॉबवर फिरते म्हणून हत्यारबदलाचा वेळ वाचतो हेही मिळवले, तर प्रमाण दोनाच्या आसपास जाईल. ‘तीन’ हा आकडा ज्या शेडमध्ये उभी यंत्रे अर्धा वेळ रिकामी उभी असतात तेथेच खरा ठरतो. आणि तेथे नवे यंत्र घेण्यापूर्वी ती रिकामी का असतात हे विचारणे स्वस्त पडेल. बहुधा उत्तर साधे निघते: फाउंड्रीतून कास्टिंग वेळेवर येत नाही, आले तर त्यात पोकळ्या किंवा कठीण गाठी असतात, किंवा मोजमापाच्या टेबलापाशी जॉबची रांग लागलेली असते. कोट्यवधींचे यंत्र यातले काहीच दुरुस्त करत नाही. उलट तीन यंत्रांतले एक बंद पडले तर दोन चालतात. एकुलते एक बंद पडले की गिऱ्हाइकाचे शेड्यूल कोसळते.

याचा अर्थ आडवे यंत्र नकोच असा नाही. ज्याच्याकडे एकाच कुळातल्या जॉबचे काम वर्षानुवर्षे येत राहील अशी बरीच खात्री आहे त्याच्यासाठी ते योग्यच आहे. आणि एकाच जॉबसाठी घडवलेल्या खास यंत्रापेक्षा, ज्याला पुण्यात सर्रास एसपीएम म्हणतात, ते कितीतरी शहाणपणाचे आहे, कारण जॉब बदलला तर प्रोग्रॅम आणि फिक्स्चर बदलून तेच यंत्र नव्या कामाला लावता येते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या भागांवर जगणारे कारखाने ज्या अनिश्चिततेत सापडले आहेत तीत हा गुण मोलाचा आहे. पण तोही आपोआप मिळत नाही. बिडाच्या जड कामासाठी ६३० मिलिमीटरचे पॅलेट आणि पन्नास नंबरच्या टेपरचे, सावकाश पण जोराने फिरणारे स्पिंडल घेतले, तर ते उद्या मोटारच्या ॲल्युमिनियम घरासाठी बोजड ठरेल; त्याला ४०० किंवा ५०० मिलिमीटरचे पॅलेट आणि चाळीस नंबरचे वेगवान स्पिंडल शोभते. सात वर्षांच्या कर्जावर यंत्र घेणारा प्रत्यक्षात सात वर्षांनंतर रस्त्यावर कोणती वाहने धावतील यावर पैज लावत असतो. ही पैज ज्या मोठ्या कंपनीच्या भरवशावर लावली जाते ती महिन्यापलीकडच्या मागणीची हमी क्वचितच देते. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो, तरी त्यासाठी भांडण मांडून गिऱ्हाईक गमावायला फारसा कोणी धजत नाही. जोखीम खाली आणि नफा वर, असा हा साखळीचा न्याय आहे.

ही जोखीम कारखानदार पुन्हा खाली ढकलतो. कशी, ते हप्त्याच्या आकड्यांत दिसते. समजा, यंत्र, फिक्स्चर आणि हत्यारे धरून दोन कोटी रुपये दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ३ लाख ३२ हजार रुपये येतो. एका पाळीत, महिन्याचे २५ दिवस धरून, यंत्र २०० तास उपलब्ध असते. त्यांपैकी सत्तर टक्के, म्हणजे १४० तास, ते खरोखर कापत असेल तर नुसत्या हप्त्याचा भार तासाला सुमारे २,३७० रुपये पडतो. तिन्ही पाळ्या चालवल्या तर त्याच हिशेबाने ४२० तास होतात आणि भार ७९० रुपयांवर येतो. गिऱ्हाईक जो भाव देतो तो तिन्ही पाळ्या गृहीत धरूनच देतो. तेव्हा यंत्र विकत घेण्याचा निर्णय झाला त्याच क्षणी रात्रपाळीचाही निर्णय होऊन जातो. कामगाराला तो पुढे कधीतरी सूचनाफलकावर वाचायला मिळतो, एवढेच.

येथे थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हत्यारे आपोआप बदलणारे पहिले मशिनिंग सेंटर अमेरिकेतील मिलवॉकीच्या कीअर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५८ साली बाजारात आणले, आणि ते आडव्या स्पिंडलचेच होते. पण पॅलेटमागची खरी कल्पना बहरली ती १९६० च्या दशकात लंडनमध्ये, मोलिन्स नावाच्या कंपनीत. ही कंपनी मूळची सिगारेटी वळणारी यंत्रे बनवणारी. तंबाखूने जगाला दिलेल्या मोजक्या उपयुक्त देणग्यांत तिची गणना करायला हरकत नाही. तेथे थिओ विल्यमसन या अभियंत्याने ‘सिस्टिम २४’ आखली. नावातले २४ हे दिवसाचे तास. माणसांनी दिवसा येऊन जॉब पॅलेटवर बांधून ठेवावेत आणि रात्री यंत्रांनी ते एकट्याने कापावेत, ही तिची योजना. व्यापारी दृष्ट्या ती फसली, तरी कल्पना मेली नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी फानुक कंपनीने रात्री जवळजवळ माणसांवाचून चालणारा यंत्रविभाग उभा केला. थोडक्यात, बांधणीचे काम कापण्याच्या कामापासून वेगळे करणे हा पॅलेटचा हेतू होता, आणि ते एकदा वेगळे झाले की माणसाच्या दिवसाचा आणि यंत्राच्या दिवसाचा सांधा तुटावा हे त्याचे तर्कसंगत फळ होते.

भोसरीत किंवा चाकणला ते फळ का लागत नाही? पुन्हा साधे उदाहरण. खांबावर चार जॉब, प्रत्येकी १८ मिनिटे. म्हणजे एक पॅलेट ७२ मिनिटे चालते. यंत्राबरोबर आलेली दोन पॅलेटे भरून ठेवली तर २ तास २४ मिनिटांनी यंत्र माणूस मागते. सहा पॅलेटांचा संच जोडला तर ते ७ तास १२ मिनिटे चालेल. म्हणजे रात्री दहाला दुसऱ्या पाळीने भरून ठेवलेले काम पहाटे पाचच्या पुढेपर्यंत पुरेल. यासाठी पॅलेटांबरोबर आणखी काही लागते. झिजलेल्या हत्याराच्या जागी त्याच मापाचे दुसरे आपोआप यावे म्हणून हत्यारांचे मोठे कोठार, तुटलेले हत्यार ओळखून यंत्र थांबवणारी सोय, कीस बाहेर वाहून नेणारा भरवशाचा पट्टा, आणि सर्वांत महाग म्हणजे फिक्स्चरचे आणखी चार संच. कास्टिंगही एकसारखे हवे. हे सारे तंत्रज्ञान उपलब्ध आहे, गूढ नाही, आणि बंगळूरपासून नागोयापर्यंतचे विक्रेते ते विकायला उत्सुक आहेत. तरीही खरेदीपत्रकावरून पहिल्यांदा वगळली जाते ती हीच ओळ. मालक म्हणतो, दोन पॅलेटे सध्या पुरेत; रात्रीला पोरगा आहे.

हा ‘पोरगा’ म्हणजे आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहार-झारखंडातून आलेला, शिकाऊ अथवा कंत्राटी तरुण. त्याचा विद्यावेतनाचा खर्च चार पॅलेटांच्या हप्त्यापेक्षा कमी आहे. अमर्त्य सेन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘चॉइस ऑफ टेक्निक्स’ या ग्रंथात भांडवल दुर्मिळ आणि श्रम विपुल असलेल्या देशाने कोणते तंत्र निवडावे याची चर्चा केली. ती चर्चा समाजाने, नियोजनाद्वारे, करावयाच्या निवडीची होती. येथे समाज निवडत नाही. श्रम विपुल आहेत म्हणून ते स्वस्त आहेत असेही पूर्ण खरे नाही. त्यांना स्वस्त ठेवण्याची व्यवस्था आहे. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ यांनी शेजारशेजारच्या यंत्रांवर एकच काम करावे आणि तीन वेगळे मोबदले घ्यावेत, हा बाजाराचा नैसर्गिक नियम नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा शिकवण्यासाठी झाला. रात्रपाळी भरण्यासाठी नव्हे. ज्या भांडवलाला श्रम इतके स्वस्त मिळतात ते अर्धेच यंत्र विकत घेते: कापण्याचा वेग घेते आणि माणसाला रात्रीतून मोकळे करणारा भाग दुकानातच ठेवते. मुंबईच्या गिरण्यांत जुन्या मागांवरच कमाई पिळत राहण्याची जी वृत्ती होती तिचेच हे नव्या, चकचकीत वेष्टनातले रूप आहे.

रात्रीची किंमत कोणाच्या खात्यात पडते हेही नोंदवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाचा ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात समावेश केला आणि २०१९ साली तपासणी करून तेच मत कायम ठेवले. पॉवर प्रेसवर बोटे जातात आणि ती दिसतात. बंद दरवाज्याच्या मशिनिंग सेंटरवर हात सुरक्षित राहतो, झोप जाते, आणि ती कोणत्याही अपघात-नोंदवहीत चढत नाही. अशा वेळी शासनाचे पाऊल कोणत्या दिशेने पडले? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली. कामगाराची संमती घेतली जाईल असे आश्वासन आहे. कंत्राट महिन्या-महिन्याने वाढवून घेणाऱ्या तरुणाची संमती किती मोकळी असते हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची गरज नाही. उद्योगमंत्री एका हाताने स्वयंचलित यंत्रांच्या प्रदर्शनांची उद्घाटने करतात आणि शासन दुसऱ्या हाताने माणसाचे तास लांबवते, या विसंगतीत खरे म्हणजे विसंगती नाहीच.

यावर एक आक्षेप डावीकडूनच येईल, आणि तो हलका नाही. रात्री यंत्र एकटे चालले तर रात्रीची नोकरी गेली. बेकारीच्या काळात समाजवाद्यांनी नोकऱ्या कमी करणारी यंत्रे मागावीत काय? नोकरी जाईल हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आजची रात्रीची नोकरी ही कायम नोकरी नव्हे. मागणी घटली की पहिली जाते ती हीच. आणि सहा पॅलेटांचे यंत्र माणूस पूर्णपणे घालवतही नाही. काम दिवसाकडे सरकते. दिवसा बांधणारी माणसे अधिक लागतात, हत्यारे मापून लावणारे, फिक्स्चर दुरुस्त करणारे, प्रोग्रॅम सुधारणारे लागतात. ही कामे कौशल्याची आहेत. ती कामगाराला मिळतील की केबिनमधल्या दुसऱ्या कोणाला, हा मात्र झगड्याचा प्रश्न आहे. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ साली ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात दाखवले की दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे स्वयंचलित करण्याच्या दोन वाटा होत्या. एका वाटेत कुशल कामगाराने पहिला जॉब हाताने कापायचा, त्याच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. दुसरीत प्रोग्रॅम कचेरीत लिहायचा आणि कामगाराने बटण दाबायचे. हवाई दलाच्या पैशाने आणि व्यवस्थापनाच्या पसंतीने दुसरी वाट जिंकली. ती अधिक अचूक होती एवढेच त्याचे कारण नव्हते, नोबल यांच्या मते हुकमत कोणाकडे राहील हेही कारण होते. आजच्या कंट्रोलवर कामगार यंत्रापाशी उभा राहून प्रोग्रॅम लिहू आणि सुधारू शकतो. अनेक शेडमध्ये ती सोय पासवर्डने बंद केलेली असते.

या निवडीत कामगाराला बोलण्याचा हक्क मागणे म्हणजे काही परकी कल्पना आयात करणे नव्हे. स्वीडनने १९७६ च्या सहनिर्णय कायद्याने मोठा बदल करण्यापूर्वी मालकाने संघटनेशी वाटाघाट केलीच पाहिजे असे ठरवले, हे खरे. पण भारताच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कलम ९-अ होते: पाळ्या सुरू करणे वा बदलणे, किंवा कामगारकपात संभवेल अशी यंत्रातील वा तंत्रातील सुधारणा करणे यासाठी २१ दिवसांची सूचना आवश्यक होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, सूचनेची तरतूद टिकली आहे. मात्र ती सूचना यंत्र दारात उतरल्यावर मिळून काय उपयोग? शिवाय कामगार समितीची सक्ती शंभर कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होते, स्थायी आदेशांची मर्यादा नव्या संहितेने तीनशेवर नेली, आणि शिकाऊ तर ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. ज्या कारखान्यांत ही यंत्रे येत आहेत त्यांपैकी बरेचसे या जाळीच्या भोकांतून सहज निसटतात.

म्हणून मागणी खरेदीपत्रकापर्यंत नेली पाहिजे. यंत्रसामग्रीवर सार्वजनिक पैशातून अनुदान, व्याजसवलत किंवा करपरतावा मिळतो तेथे अट घालता येते, आणि घातली पाहिजे: रात्री चालवायचे यंत्र असेल तर पॅलेटसंच आणि हत्यारतुटीची देखरेख यांच्यासह घ्या, आणि त्यासाठी अनुदानाचा दर वाढवून घ्या, ते नको असेल तर रात्रपाळी कायम कामगारांची आणि वाढीव वेतनाची ठेवा. महाग रात्रपाळी हीच मालकाला चार पॅलेटे परवडू लागण्याची खरी वाट आहे. दुसरी गोष्ट सहकाराची. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उसाच्या लहान शेतकऱ्यांसाठी जे केले ते दहा-वीस लहान शेडच्या मालकांसाठी आणि त्यांच्या कामगारांसाठी अशक्य नाही. केंद्र सरकारच्या समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहेच. एकट्याला दोन कोटींचे यंत्र घेऊन तिन्ही पाळ्या ओढाव्या लागतात. दहा जणांच्या केंद्रात सहा-आठ पॅलेटांची दोन यंत्रे, मोजमापाचे एक चांगले यंत्र आणि फिक्स्चरचा विभाग असला तर कोणा एकाचे शेड्यूल घटले म्हणून यंत्र रिकामे राहत नाही आणि कोणा एकाच्या हप्त्यासाठी कोणाची रात्र जात नाही. साखर कारखान्यांचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे, अशा केंद्राच्या संचालक मंडळावर कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून असावेत, हे घटनेतच लिहिलेले बरे.

आणि जेथे संघटना आहे तेथे तिच्या प्रतिनिधीने यंत्र ठरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: किती पॅलेटे, फिक्स्चरचे किती संच, रात्रीच्या तासांचे गृहीतक काय, आणि प्रोग्रॅमचा पासवर्ड कोणाकडे. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये पहिल्या दोहोंची उत्तरे असतातच. तिसरे बँकेला दिलेल्या प्रकल्प अहवालात लिहिलेले असते.